गेरूची रेघ

लालासाहेबाचा टेम्पो चहाच्या आधीच दारात येऊन उभा राहिला, तेव्हा क्रांतीला कळलं की घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सोडून.

टेम्पोच्या मागच्या फळ्या चढवलेल्या होत्या आणि आत उसाचं वाढं पसरलेलं होतं. रिकाम्या टेम्पोत वाढं कुणी हौसेनं पसरत नाही. मेंढरं उभी करायची असली की पसरतात. म्हसवडपासून आटपाडीपर्यंतच्या बाजारांत मेंढरं घेणारा माणूस म्हणजे हा लालासाहेब. त्यानं लिंबाखाली पायताण काढलं, बाजेवर पडलेल्या अर्जुनाला, क्रांतीच्या बापाला, रामराम घातला आणि मेंढरांभोवती लावलेल्या जाळीकडं बघत बघतच खाली बसला. जाळीतनं त्याची नजर एकेका पाठीवरनं फिरत गेली. क्रांतीला ती स्वतःच्या पाठीवरनं फिरल्यासारखी वाटली.

"पोरगी मोठी झाली की," तो म्हणाला.

"मेंढरं बी झाल्यात," क्रांती म्हणाली. "पर इकायची न्हाईत."

मल्हारकाका खाकरला. तिनं आत जाऊन चहाचं बघावं असं म्हणाला. चहा आई बघतीया, ती म्हणाली, आणि तिथंच बाजेच्या पायथ्याशी बूड टेकून बसली. आता उठवायचं तर ओढूनच उठवायला लागलं असतं.

काका काल संध्याकाळी कराडहून आला होता आणि बायडा आत्या आज पहिल्या एसटीनं तासगावहून. दिवाळीला दोघंही आले नव्हते, म्हणून आता उरलेल्या फराळाला आले असतील असं समजून क्रांती खूश झाली होती. आत्यानं पिशवीभर बेदाणे आणले होते. काकानं आबांच्या पायाला लावायचं तेल आणलं होतं. असली माणसं कळप विकायला आलीत असं कुणाच्या मनात येईल?

आबांच्या, म्हणजे अर्जुनाच्या मांडीत सळई होती. श्रावणात विट्याच्या रस्त्यावर मेंढरं पलीकडं घालताना एका डंपरनं त्याला उडवला. मेंढरं सगळी पार झाली होती, मागं राहिलेला शेवटचा तोच. चालेल, डॉक्टर म्हणाले, पण ह्या हिवाळ्यात नाही. आणि ह्या माणदेशातल्या मेंढरांचं सगळं हिवाळ्यातच असतं. दिवाळी झाली की हितला पाला संपतो. मग कळप कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरतो, कोकणातल्या बागांत आणि शेतांत रात्री बसतो, लेंड्यांचं खत देतो आणि होळी झाली की माघारी फिरतो. संगं वाडा असतो. वाडा म्हणजे घोडी, कुत्री, कोंबड्या, बायापोरं धरून चालणारं बिऱ्हाड. भावकीतल्या नानासोचा वाडा सोमवारी हलणार होता. काल तो उभ्या उभ्याच सांगून गेला, की यायचं तर तुमच्या कळपाच्या पुढं तुमचं माणूस पाहिजे, बिनडोक्याचा कळप मी संगं घेत न्हाई.

"तर डोकं कोन?" मल्हारकाकानं आता विचारलं. "मी याचं का? टायरचं दुकान सोडून?"

"तुमाला कोन बोलावतंय काका. मी हाय."

लालासाहेब हसला नाही, पण मिशीखाली काहीतरी झालं.

काका वाईट माणूस नव्हता. हीच तर अडचण होती. पाचवीपासून बारावीपर्यंत क्रांती त्याच्याच घरात राहिली होती. हायवेवरच्या त्याच्या दुकानातनं तो स्वतः ग्रीस लागलेल्या हातानं तिला शाळेत सोडायचा. त्यानं आताही तिच्यासाठी चांगलंच योजलं होतं. कराडात मोबाइलच्या दुकानात जागा बघितलीया, तो म्हणाला, पंख्याखाली बसायचं, उन्हातान्हाचं काम न्हाई.

"पंख्याखाली लय वर्सं बसले काका. झोप येती."

बायडा आत्यानं मग बेदाण्याची पिशवी बाजूला सारून बोलायला घेतलं. बायामाणसं वाड्यात असतातच, त्याचं काय नाही. घोडी लादतात, पालं ठोकतात, मेंढ्यांची बाळंतपणं करतात, भाकरी थापतात. साळूवहिनीनं, क्रांतीच्या आईनं, जन्मभर हेच केलं. पण कळपाच्या पुढं चालणं वेगळं. रस्त्यावर ट्रकवाल्याशी भांडायचं, रानाच्या मालकाशी बोलायचं, फॉरेस्टवाल्याला तोंड द्यायचं, रात्री बिबट्या आला तर. आत्याचं बोलणं लांबत गेलं आणि जितकं लांबलं तितकं ते क्रांतीपेक्षा दुसऱ्याच कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटायला लागलं.

क्रांतीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती काका-आत्याला सोडून थेट आबांकडं वळली. खरी गाठ तिथंच होती.

"आबा, तुमाला इकायची हायत का?"

अर्जुना वरच्या फांद्यांकडं बघत होता. गेली दोन वर्षं ती त्याच्या मागनं चालली होती. पाठीमागनं बघून बघून त्याची चाल तिला पाठ झाली होती. डावा खांदा खाली, काठी उजव्या काखेत. आता तो आडवा होता आणि आडवा माणूस ओळखूच येत नाही.

"मी हितं पडायचं," तो म्हणाला, "अन् कळप गेलेला बघायचा. मग होळीपतूर काय करू? छपराचं पत्रं मोजू? इकली तर निदान वाट तरी बघाय लागनार न्हाई."

 चहा आला. साळूबाईनं सगळ्यांना कप दिले, लालासाहेबाला बशी जास्तीची दिली आणि परत दारात जाऊन घोड्याचं खोगीर शिवत बसली. सकाळपासनं ती तेच करत होती. मेंढरं विकायची असतील तर खोगीर कशाला शिवायचं, हे तिला कुणी विचारलं नाही. तिच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. पलीकडं भिंतीला टेकून रंगूबाई, क्रांतीची आज्जी, लोकर कातत होती. तिला अलीकडं कमी ऐकू यायचं. निदान सगळे तसं धरून चालायचे.

"परवा दर्यावरनं फोन आलता," क्रांती म्हणाली. "बागवाल्याचा. कलमांत मेंढरं बसवा म्हनतूया. मी त्येला इचारलं, जहाज हाय का अजून. तर म्हनला, हाय की, त्ये कुटं जातंय."

मल्हारकाकाचा कप तोंडापाशीच थांबला. बायडा आत्यानंही मान वर केली. जहाजाचं नाव निघालं की ह्या घरातली सगळी माणसं थोडा वेळ लहान होतात.

*

ते जहाज सिमेंटचं होतं. कराडच्या शाळेत क्रांतीनं हे एकदा सांगितलं तर पोरं पोट धरून हसली. सिमिट तरंगतंय व्हय? पुन्हा तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण होतं. गुहागरच्या बाजूच्या एका लहानशा गावाच्या पुळणीवर ते निम्मं वाळूत रुतून एका कुशीवर कललेलं होतं. ना शीड, ना इंजिन. गावातली म्हातारी माणसं सांगायची, की कधीकाळी दुसऱ्या बोटीमागं बांधून त्याला ओढून नेत होते, वादळात दोर तुटला आणि ते इथं येऊन बसलं. आत नुसती एक थोरली लांब खोली. वर निम्मं छत, निम्मं आभाळ. जमिनीकडच्या बाजूला भिंत फुटून दारासारखं झालं होतं, तिथनं मेंढरं आत जायची. वारा लागायचा नाही, कोल्हा यायचा नाही, दाराला एक जाळी आडवी बांधली की काम झालं. माणदेशातल्या धनगरांची मेंढरं जहाजात झोपायची, आणि हे खरं होतं.

आत शिरलं की पहिल्यांदा गारवा लागायचा, मग वास. मासळीचा आणि ओल्या लोकरीचा मिळून. एक कोकरू ओरडलं की सगळं जहाज ओरडायचं. भिंतींना मीठ धरलेलं असायचं आणि मेंढरांना त्याचं वेड. रात्रभर चाटायची. दरवर्षी चाटून चाटून मेंढरांच्या तोंडाच्या उंचीला भिंतीवर एक गुळगुळीत पट्टा पडला होता. क्रांती लहानपणी त्या पट्ट्यावर गाल टेकवून उभी राहायची. तिला वाटायचं, सगळ्या जगातली जहाजं आतनं अशीच असतात.

ते आधी कुणाला सापडलं, तर तात्याबाला. क्रांतीच्या आज्ज्याला. तात्याबा गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, पण ही गोष्ट त्यानं तिला इतक्या वेळा सांगितली होती की ती स्वतः तिथं हजर असल्यासारखी तिला दिसायची. तात्याबानं तोवर जहाज बघितलेलं नव्हतं. सिमेंटच्या भिंती बघून त्याला वाटलं, कुणाचं तरी बांधकाम अर्धवट राहिलंय. देऊळबिऊळ असलं तर, म्हणून त्यानं पायताण बाहेर काढलं आणि मग आत पाऊल टाकलं. जागा पसंत पडली. रात्री मेंढरं घातली. दुसऱ्याची इमारत आहे, न विचारता वापरायची नाही, म्हणून पहाटे मालकाला शोधायला गावात गेला. गावकऱ्यांनी त्याला आधी चहा पाजला, मग पोटभर हसून घेतलं, आणि मग कुणीतरी विचारलं की बाबा, आज आवस आहे, मेंढरं कुठं आहेत तुझी?

तात्याबाला कळेना, आवसेचा आणि मेंढरांचा काय संबंध. त्याच्या मुलखात पाणी एकच काम करायचं, आटायचं. तळ्याची कड दिवाळीला असते तिच्यापेक्षा शिमग्याला आत गेलेली असते, एवढंच त्याला ठाऊक. पाणी आपण होऊन उठतं, चालत येतं आणि आवस-पुनवेला जास्तच लांब येतं, हे त्याला कोण सांगणार? तो धावत सुटला. पोचला तेव्हा दर्या जहाजाच्या आत शिरलेला होता.

"पर आमी सगळी काडली," एवढं बोलून तात्याबा गोष्ट संपवायचा. "दोन कोकरं तेवडी गेली. बाकी सगळी काडली."

पाणी उतरल्यावर त्यानं आत जाऊन बघितलं. सगळ्यात खोल कोपऱ्यात भिंत जिथवर ओली झाली होती, तिथं त्यानं मेंढरांवर खूण करायच्या गेरूनं एक आडवी रेघ ओढली. पावसाळ्यात रेघ धुऊन जायची, म्हणून तेवढ्याच उंचीवर आपल्या काठीला विळ्यानं खाच पाडली. दर हिवाळ्यात पहिल्या दिवशी काठी उभी करायची आणि रेघ परत ओढायची.

आणि रेघ ओढली की पोरं तिच्यापाशी उभी राहायची. हे कधी सुरू झालं कुणालाच सांगता आलं नसतं. ज्याची हनुवटी रेघेच्या वर गेली, तो पोरगा मोठा झाला. त्याला जहाजात कळपाजवळ एकट्याला ठेवायचं, त्याच्या हातात काठी द्यायची. अर्जुनाची हनुवटी वर गेली, मल्हारची गेली. क्रांती शेवटची उभी राहिली तेव्हा रेघ तिच्या कपाळावरनं गेली होती. अर्जुनानं गेरूचं बोट तिच्या कपाळाला पुसलं आणि म्हणाला, हनुवटी वर आली की मेंढरं तुझी.

तो हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती. पुढच्या जूनमध्ये ती कराडला गेली. बारावीनंतर माघारी आली तोवर आबांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि कळप चिपळूणच्या अलीकडनंच परत फिरायला लागला होता. रेघेपाशी उभं राहायचं राहूनच गेलं.

*

"तुमी म्हनला हुतासा," क्रांती आता म्हणाली. "हनुवटी वर आली की मेंढरं तुझी. आठवतंय न्हवं?"

अर्जुनानं मान तिच्याकडं वळवली. आठवत होतं. त्याच्या तोंडावरनंच दिसलं.

"त्ये पोरासंगं बोलायचं बोलनं झालं," मल्हारकाका म्हणाला.

"तुमच्यासंगं बी आज्जा पोरपनीच बोलला हुता की. तुमाला काठी दिली. तुमी ती टाकून टायरं घेतली, त्ये आनी येगळं."

"क्रांते," काका दरडावला.

"ऱ्हाऊ दे," बायडा आत्या मध्येच म्हणाली.

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मल्हारकाकानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. आत्या पिशवीच्या तोंडाशी बोटं चाळवत होती. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ती पंचवीस-तीस बायकांवर मुकादम होती, आणि तिथं तिच्यापुढं पुरुषमाणसंही आवाज चढवत नाहीत असं क्रांतीनं ऐकलं होतं. इथं भावांपुढं मात्र ती नेहमी पदर सारखा करत बोलायची. आता तिनं पदराला हात लावला नाही.

"माझी बी हनुवटी वर गेलती," ती म्हणाली. "मल्हारच्या आदी. तुमी समदी भाईर भाकरी खात हुतासा, तवा मी एकलीच जाऊन हुबी ऱ्हायले. चांगली वर हुती. भाईर येऊन सांगनार हुते, तर तात्या म्हनला तासगावचं पावनं येनार हायत, केसाला त्याल लाव."

"मग सांगितलं का न्हाईस, आक्का?" मल्हारकाकानं विचारलं.

"कुनी इचारलं?"

 मग आत्या लालासाहेबाकडं वळून म्हणाली, की दादा, तुमी च्या सावकाश प्या, पर माझं मत मोजू नगासा, मी काडून घेतलं.

अर्जुना कोपरावर जोर देऊन अर्धवट उठून बसला. दुखलं, ते त्याच्या जबड्यावर दिसलं. सगळे त्याच्या विरुद्ध चाललेत असं वाटलं की हा माणूस नियमाचं बोलायचा. तात्याबाचंच वळण.

"बरं. रेघ तर रेघ," तो म्हणाला. "काठी आना."

तात्याबाची काठी आढ्याला अडकवलेली होती. साळूबाईनंच ती काढून आणली, पदरानं पुसली आणि अंगणात सपाट जागा बघून उभी धरली. धूर बसून काळी झालेली, पण खाच स्पष्ट होती. दरवर्षी कोरून कोरून खोल गेलेली.

क्रांतीला मनातनं हसू येत होतं. ती कपाळ असतानाची गोष्ट होती, आता ती मोठी बाई झाली होती. तिनं चपला काढल्या. काठीला पाठ लावून ताठ उभी राहिली, टाचा जमिनीला. मल्हारकाकानं खाचेवर तळहात आडवा धरला आणि तिच्या तोंडापुढं आणला.

काकाचा हात तिला ओठांवर लागला.

तिला आधी वाटलं, काका उगीच वर धरतोय. तिनं वळून स्वतः बघितलं, परत उभी राहिली. हात परत तिथंच. नाकाच्या खाली, ओठांवर. ग्रीसचा वास. दर्या जहाजात शिरला असता आणि ती त्या कोपऱ्यात उभी असती, तर तिला तोंड उघडता आलं नसतं.

कुणी टोचून बोललं नाही, हे जास्त लागलं. काकानं हात खाली घेतला आणि तो चक्क ओशाळला. लालासाहेबानं बशी उपडी घातली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पायताण शोधायला लागला. टेम्पो मागं घ्यायला सांगतो, तो म्हणाला.

"थांबा," क्रांती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "दोन बोटं कमी हाय मी. कबूल. तरी बी मी जानार."

"रेघंचं तूच काडलंस," अर्जुना म्हणाला. "मी न्हाई."

"व्हय. अन् मी कमी भरले. पर म्हनून मला वाट ठाव न्हाई का? घाटात कंच्या वळनाला पानी हाय मला ठाव न्हाई? तुमी पडलासा तवा त्या रस्त्यावरनं मेंढरं घरी कुनी आनली? तवा कुनी मोजलं न्हाई मला."

 अर्जुना कोपरावर तसाच टेकून राहिला, आडवा झाला नाही.

तेवढ्यात भिंतीजवळ हालचाल झाली. रंगूबाईनं लोकरीचा पेळू मांडीवरनं काढून टोपलीत ठेवला. हात टेकत टेकत उठली. ती उठली म्हणजे फार काही फरक पडायचा नाही, बसल्यावर जेवढी तेवढीच उभी राहिल्यावर, असं मल्हारकाका नेहमी चेष्टेनं म्हणायचा. ती अंगणात आली, सुनेच्या हातातली काठी स्वतः धरली आणि काठीला पाठ लावून उभी राहिली.

"मोज," ती मल्हारला म्हणाली.

"आये, तू कशाला?"

"मोज म्हनलं न्हवं."

मल्हारकाकानं खाचेवर हात ठेवला आणि आडवा पुढं आणला. हात तिच्या पदरावरनं, डोक्याच्याही वरनं, मोकळ्या हवेतनं गेला.

"वयानं वाकलीस," तो पुटपुटला.

"एवडी काय वाकली न्हाई. तरनी हुते तवा बी रेघ माज्या टकुऱ्याच्या वरच हुती." आज्जी काठीपासून बाजूला झाली नाही. "अर्जुना, त्या दिशी मेंढरं कुनी काडली?"

"तात्यानं."

"तुजा तात्या गावात च्या पीत हुता. इमारतीचा मालक हुडकाय गेलता. त्यो पळत आला तवा मेंढरं वाळूवर हुती."

अर्जुनानं काठीच्या खाचेकडं बघितलं. त्याला त्या सकाळचं एवढंच आठवायचं, की कुणीतरी त्याला जहाजाच्या वरच्या कडेला उचलून बसवलं होतं, खाली सगळा आवाज होता, आणि लांबनं पुळणीवरनं बाप ओरडत येत होता. तेवढ्यावरनं त्यानं उरलेली गोष्ट बापाच्या नावावर जोडली होती. बापानंही कधी तोडली नव्हती. काढली म्हणताना तो आमी म्हणायचा.

"आमी काडली म्हनायचा त्यो," रंगूबाई म्हणाली. "खोटं न्हाई. आमी म्हंजे मी अन् कानी."

कानी ही तेव्हाच्या कळपातली सगळ्यात पुढची मेंढी. आज्जीनं मग सांगितलं ते थोडक्यात, लोकर कातताना धागा ओढावा तसं, एका हातानं. मेंढरं पाण्याला बुजली होती. दारात गुडघाभर पाणी होतं आणि एकही पुढं पाय टाकेना. मागनं हाणली तर सगळी खोल कोपऱ्यात जाऊन गोळा झाली असती. म्हणून तिनं मागनं हाणलंच नाही. कानीचं कोकरू उचललं, खांद्यावर टाकलं आणि स्वतः पाण्यात शिरून पुढं चालायला लागली. कोकरू ओरडलं, कानी मागं आली. कानी आली म्हटल्यावर कळप आला.

"अन् तू माज्या पाठीवर बांधलेली हुतीस," ती बायडा आत्याला म्हणाली. "तू बी वरडत हुतीस. मेंढरांला वाटलं आसंल, दोन कोकरं हायत."

आत्यानं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, कळलं नाही.

"पानी कुटवर हुतं, आये?" मल्हारकाकानं हळूच विचारलं.

"बघाय येळ कुनाला हुता." रंगूबाईनं काठीच्या खाचेवर अंगठा फिरवला. "तुमी पोरं रेघंला हनुवट्या लावत बसायचासा. मी भाकरी थापत बघत हुते. म्हनलं, खेळत्यात, खेळू द्या. ही रेघ पान्याची हाय. हितवर पानी येतंय, त्याच्या आदी भाईर पडा, एवडंच सांगती ती. मान्सं मोजाय न्हाई काडलेली. हितवर पानी येऊस्तवर जो आत हुबा ऱ्हातूया, त्येची हनुवटी वर आसली काय अन् खाली आसली काय, मेंढरं तर बुडली की न्हाई?"

एवढं बोलून तिनं काठी क्रांतीच्या हातात दिली आणि आपल्या जागेवर जाऊन परत पेळू हातात घेतला.

लालासाहेब पायताण घालून तसाच उभा होता. त्यानं अर्जुनाकडं बघितलं, मग वाघरीच्या जाळीकडं, मग टेम्पोकडं. इतक्या वर्षांच्या धंद्यात माणसाला सौदा मोडलेला कळतो.

"बोटीत बसून आलेली मेंढरं हायत ही, मला ठाव न्हवतं," तो म्हणाला. "माझा टेम्पो त्यास्नी चालायचा न्हाई." जाताना वाढ्याच्या दोन पेंढ्या त्यानं तशाच दारात उतरवून ठेवल्या.

टेम्पोचा आवाज वेशीपलीकडं गेला तरी अर्जुना अर्धवट बसलेलाच होता. क्रांती काठी धरून उभी होती. काठी मोठ्या हातासाठी केलेली होती, तिच्या मुठीला जाड पडत होती. हो म्हणा, असं ती आता म्हणणार नव्हती. मागायचं ते मागून झालं होतं. आता ती फक्त तिथनं हलणार नव्हती.

साळूबाईनं खोगीराचा शेवटचा टाका घातला आणि दातानं दोरा तोडला. तो बारीक आवाज सगळ्या अंगणात ऐकू आला.

"आवस कवा हाय?" अर्जुनानं एकदम विचारलं.

"ही का फुडची?"

"दोनी सांग."

"ही आमाला पाटनच्या फुडं, घाटाच्या वर गाठंल," क्रांती म्हणाली. तिला विचारच करायला लागला नाही. हे सगळं ती कित्येक दिवस मनात चालून आली होती. "फुडची दर्यावर. तिच्या आदल्या दिशी दुपारलाच मेंढरं जहाजातनं काडनार, वर कातळावर नेनार. पानी बघाय थांबनार न्हाई."

"अन् पुनवंला?"

"तसंच."

"फुडं कोन?"

"मी. मागं आई अन् कुत्री."

अर्जुनानं हळूहळू पाठ बाजेवर टेकली, मांडीखाली दोन्ही हात घालून पाय नीट केला आणि पुन्हा फांद्यांकडं बघायला लागला.  मल्हारकाकानं नानासोला फोन लावायला खिशात हात घातला आणि भावाकडं बघून तसाच ठेवला.

"गेरू घे संगं," अर्जुना म्हणाला. "पाक पुसली आसंल रेघ."